'आले' म्हणजे जाणं: एक फ्रेंच क्रियापद, तीन मुळं

फ्रेंचमध्ये 'जाणे' या क्रियापदाचा उच्चार 'आले' असा होतो. मराठी कानाला याहून उलटा शब्द शोधूनही सापडायचा नाही. लिहिताना ए-एल-एल-ई-आर. शेवटचा आर मुका, त्यामुळे ऐकू येतं ते फक्त 'आले'. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला किंवा आलियाँस फ्राँसेजला नाव घातलेला विद्यार्थी असो, नाहीतर अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेला, पहिल्या काही आठवड्यांतच हे क्रियापद समोर येतं आणि तिथेच पाठांतर अडतं.

अडतं ते वहीतल्या तक्त्यामुळे. ई-आरने संपणारी क्रियापदं फ्रेंचमध्ये दहांतली नऊ असतात. ती एका साच्यात बसतात आणि व्याकरणात त्यांना पहिला गट म्हणतात. 'आले'चा शेवट तोच, पण गाडी भलत्याच रुळावरून धावते: व्हे, व्हा, आलों, व्हों, ईरे, आय. म्हणून व्याकरणकारांनी त्याला पहिल्या गटातून उचलून तिसऱ्या, म्हणजे अनियमितांच्या गटात टाकलं. विद्यार्थी मग सहा रूपं गुणिले आठ-दहा काळ असा हिशेब करतो आणि हात टेकतो. माझ्या मते हा हिशेबच चुकीचा आहे. हे क्रियापद अनियमित नाही. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं राहतात, इतकंच. कुठल्या खोलीत कोण राहतं ते कळलं की पाठांतर निम्म्याहून कमी होतं.

उच्चारांबद्दल एक खुलासा. इथे 'मी' या सर्वनामासाठी मी 'ज' लिहितोय. तो 'जग'मधला ज नव्हे, जीभ 'श'च्या जागी ठेवून घोष केला, म्हणजे गळा थरथरवला, की येतो तो. 'त्यू'मधला स्वर ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्यासारखा. आणि अनुस्वार नाकातून, मागे 'म' किंवा 'न' ऐकू न येऊ देता. बाकी खरी दुरुस्ती कानानेच होते.

तीन बिऱ्हाडं कोण?

लॅटिनमध्ये 'जाणे'साठी जुना शब्द होता 'ईरे'. त्याची वर्तमानकाळातली रूपं फारच तोकडी, दोन-तीन अक्षरांत संपणारी. बोलीभाषेत शेवटची व्यंजनं झिजू लागली तेव्हा या रूपांमध्ये ऐकण्याजोगं काही उरेना. लोकांनी साहजिकच भारदस्त शब्द पुढे ओढले. एक 'वादेरे', म्हणजे पुढे जाणे, झपाट्याने जाणे. दुसरा बहुधा 'आंबुलारे', म्हणजे चालणे, फिरणे.

'बहुधा' म्हणण्याचं कारण असं की 'आंबुलारे'पासून 'आले' कसं झालं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. ध्वनिबदलाच्या नेहमीच्या नियमांनी इतकी काटछाट होत नाही. शब्द रोजच्या तोंडी असला, विशेषतः हुकूम देताना वापरला, की तो नियमापेक्षा जास्त झिजतो, असं एक मत आहे. आठव्या शतकातल्या, अवघड लॅटिन शब्दांना सोपे प्रतिशब्द देणाऱ्या रायखेनाउच्या शब्दसूचीत 'आलारे' हे आखूड रूप मिळतं, त्यामुळे हा दुवा बऱ्यापैकी भक्कम मानला जातो.

तिन्ही मुळं तुमच्या ओळखीचीच आहेत. आंबुलारे आहे अँब्युलन्समध्ये, वादेरे आहे इन्व्हेडमध्ये, आणि ईरे आहे सिनेमागृहाच्या दारावरच्या एक्झिटमध्ये. वाटणी अशी:

'व्ह' (वादेरे): वर्तमानकाळातली मी, तू, तो/ती आणि ते यांची रूपं, शिवाय 'जा' ही आज्ञा.

'ईर' (ईरे): भविष्यकाळ आणि संकेतार्थ. इथे दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही.

'आल' (आंबुलारे): उरलेलं सगळं.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण 'जातो' म्हणतो आणि भूतकाळात 'गेलो' म्हणतो. 'जा'मधला ज 'गे'मध्ये कुठे आहे? 'जा' संस्कृतातल्या 'याति'वरून, प्राकृतातल्या 'जाइ'मार्गे आला, आणि 'गेला' आला 'गत'वरून. दोन वेगळे धातू, एकच क्रियापद. गोव्यात कोंकणीतही तेच: 'हांव वतां', पण 'हांव गेलों'. गोव्यातल्या ज्या घरांत पोर्तुगीज बोललं गेलं तिथल्यांना तर फ्रेंचची निम्मी गोष्ट आधीच माहीत असते, कारण पोर्तुगीजमध्येही 'वो' वादेरेचं आणि 'ईर' ईरेचं.

थोडं विषयांतर, पण सोडवत नाही. लॅटिन ईरे आणि संस्कृत 'एति', 'याति' हे एकाच आद्य धातूच्या वंशातले, म्हणजे फ्रेंचचं 'ईरा' (जाईल) आणि आपलं 'जातो' लांबचे भाऊबंद. 'गेला'मधल्या 'गम्'चा लॅटिन भाऊ मात्र 'वेनीरे', त्यावरून फ्रेंच 'व्हनीर', आणि त्याचा अर्थ 'येणे'. एकाच धातूने आपल्याकडे जायचं काम घेतलं आणि तिकडे यायचं.

पायरी पहिली: वर्तमानकाळ

ही सहा रूपं तोंडपाठ हवीतच, इथे पळवाट नाही.

ज व्हे: मी जातो/जाते
त्यू व्हा: तू जातोस/जातेस
ईल व्हा, एल व्हा: तो जातो, ती जाते
नूझालों: आम्ही/आपण जातो
व्हूझाले: तुम्ही जाता
ईल व्हों: ते जातात

नीट पाहा, 'आम्ही' आणि 'तुम्ही' एवढीच दोन रूपं 'आल'ची आहेत. या दोन रूपांत जोर प्रत्ययावर पडायचा आणि बाकी चारांत धातूवर, त्यातून ही विभागणी झाली. 'नू' आणि 'आलों' यांच्यामध्ये झ कुठून आला? 'नू'च्या शेवटी लिहिलेला मुका एस पुढे स्वर आला की जागा होतो. हा सांधा इथे सक्तीचा आहे. 'नू आलों' असं तोडून म्हटलं की परकेपणा लगेच उघडा पडतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. बोलताना फ्रेंच माणूस 'नूझालों' फारसं म्हणत नाही. तो 'ओं व्हा' म्हणतो. 'ओं'चा अर्थ खरं तर 'कुणी एक', पण रोजच्या बोलण्यात तो 'आपण'च. 'चला, निघू या' म्हणजे 'ओंनी व्हा'. पाठ करताना सहांऐवजी सात रूपं धरा आणि सातव्याचा सराव सगळ्यांत जास्त करा.

'ज व्हे'मागे एक गमतीदार इतिहास आहे. सतराव्या शतकात 'ज व्हे' आणि 'ज व्हा' दोन्ही चालत. 1647 साली व्होज्ला या व्याकरणकाराने नोंदवून ठेवलंय की शिकलेले लोक 'ज व्हे' म्हणतात, पण राजदरबाराला ते खपत नाही, तिथे 'ज व्हा'च चालतं. दरबाराच्या मते 'ज व्हे' हे गावंढळ. आज नेमकं उलटं झालंय. 1702 मध्ये वारलेल्या बूऊर या दुसऱ्या व्याकरणकाराबद्दल अशी आख्यायिका आहे की मरणशय्येवर तो म्हणाला, मी आता मरणार, 'ज व्हे' म्हणा की 'ज व्हा', दोन्ही चालतं. क्यूबेकमध्ये बोलताना 'ज व्हा' अजून सर्रास ऐकू येतं. कॅनडाला जायच्या तयारीने शिकत असाल तर ऐकून दचकू नका, पण परीक्षेच्या पेपरात 'व्हे'च लिहा.

पायरी दुसरी: लगेचचा भविष्यकाळ

वर्तमानकाळ आला की भविष्यकाळ जवळजवळ फुकट मिळतो. 'आले'चं वर्तमानकाळी रूप घ्या आणि पुढे दुसरं क्रियापद मूळ रूपात ठेवा. 'मांझे' म्हणजे खाणे, जेवणे. 'ज व्हे मांझे' म्हणजे 'मी जेवणार आहे'. 'ईल व्हा प्लव्ह्वार', पाऊस पडणार आहे. पाऊस काही कुठे जात नाही, इथे 'जाणे' निव्वळ सहायक झालंय.

आपणही 'जाणे' सहायक म्हणून वापरतो, पण दुसऱ्याच कामाला: 'पडून गेलं', 'विसरून गेलो', 'केलं जातं'. म्हणून मराठीतून शब्दशः विचार करणाऱ्याचा इथे गोंधळ होतो. 'ज व्हे मांझे'चा अर्थ 'मी जेवायला जातोय' असाही होऊ शकतो. कोणता घ्यायचा ते संदर्भ सांगतो.

भूतकाळात हीच रचना फक्त अपूर्ण भूतकाळात चालते: 'जाले पार्तीर', मी निघणारच होतो. पूर्ण भूतकाळात नेलीत तर अर्थ बदलतो आणि 'निघायला गेलो' असलं विचित्र वाक्य हाती येतं. नकार द्यायचा तर 'न' आणि 'पा' हे 'व्हे'च्या दोन्ही बाजूंना: 'ज न व्हे पा मांझे'. बोलताना 'न' गळतो.

पायरी तिसरी: गेला, गेली, गेले

पूर्ण भूतकाळासाठी फ्रेंचमध्ये बहुतेक क्रियापदं 'आव्ह्वार' (जवळ असणे) हे सहायक घेतात. 'आले' मात्र 'एत्र्' (असणे) घेतं, आणि मग कर्त्याचं लिंग-वचन कृदंतावर उमटतं.

इंग्रजीतून फ्रेंच शिकणारा इथे रडकुंडीला येतो. आपल्याला काय नवीन आहे? तो गेला, ती गेली, ते गेले हे आपण बोलायला शिकल्यापासून करतोय. तो: 'ईले ताले'. ती: 'एले ताले'. ते: 'ईल सों ताले'. मी: 'ज स्वी आले', किंवा सांधा जोडून 'ज स्वी झाले'.

फरक एवढाच की आपल्याकडे लिंग ऐकू येतं, तिकडे ते फक्त दिसतं. बोलणारी बाई असेल तर लिहिताना शेवटी एक जादा ई लागतो, अनेकवचनाला एस. उच्चार मात्र सगळीकडे 'आले'च. श्रुतलेखनात मार्क जातात ते इथेच. मूळ रूप ई-आरने संपतं, कृदंत उजव्या तिरक्या चिन्हाच्या ई-ने, 'तुम्ही'चं रूप ई-झेडने, आणि तिघांचा उच्चार एकच. ओळखायची युक्ती: वाक्यात त्या जागी 'व्हनीर' (येणे) घालून बघा. 'व्हनीर' बसलं तर ई-आर. 'व्हन्यू' (आला) बसलं तर तिरक्या चिन्हाचा ई.

बोलीत एक चौथा पाहुणाही घुसतो. 'जे एते ओ मार्शे', शब्दशः 'मी बाजारात असलो', अर्थ 'बाजारात जाऊन आलो'. ऐकून समजून घ्या, पेपरात लिहू नका.

पायरी चौथी: जायचो, जात होतो

अपूर्ण भूतकाळ अगदी शिस्तशीर आहे. सगळी रूपं 'आल'ची: जाले, त्यू आले, ईलाले, नूझाल्यों, व्हूझाल्ये, ईलझाले. मराठीतलं 'जायचो' किंवा 'जात होतो' दिसलं की डोळे मिटून हा काळ घ्या. 'गेलो' असेल तर मागच्या पायरीवरचा. आपल्या भाषेत हा भेद आधीच असल्यामुळे इंग्रजीच्या मार्गाने न जाता थेट मराठीतून फ्रेंचमध्ये जाणं इथे फायद्याचं ठरतं.

पायरी पाचवी: ईरेचं राज्य

साधा भविष्यकाळ: जीरे, त्यू ईरा, ईलिरा, नूझीरों, व्हूझीरे, ईलझीरों.

शेवटचे प्रत्यय ए, आ, आ, ओं, ए, ओं. हे कुठून आले ते कळलं की सगळ्याच फ्रेंच क्रियापदांचा भविष्यकाळ सुटतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये लोक 'जाण्याचं आहे मला' अशा अर्थाने मूळ रूपापुढे 'जवळ असणे'चा वर्तमानकाळ जोडू लागले, आणि दोन शब्द चिकटून एक झाले. आजही 'आव्ह्वार'चा वर्तमानकाळ म्हणून बघा: जे, आ, आ, आव्हों, आव्हे, ओं. तेच प्रत्यय. 842 साली स्ट्रासबुर्गला फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी एकमेकांना शपथा दिल्या, त्यांच्या जुन्या फ्रेंच मजकुरात 'साल्व्हाराय' असं रूप आहे, 'मी राखीन'. भविष्यकाळाची ही नवी घडण तोवर पक्की झाली होती.

याच 'ईर'ला अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लावले की संकेतार्थ होतो, म्हणजे 'मी जाईन' ऐवजी 'जमलं तर मी जाईनही, मला जायला आवडेल' या छटा. पहिल्या पुरुषात दोन्ही 'जीरे', फरक लेखी एका एसचा. आजच्या बोलण्यात तो अनेकांच्या तोंडी ऐकूही येत नाही.

पायरी सहावी: 'क जाय'

इच्छा, गरज, शंका यांच्यामागे येणारी रूपं म्हणजे सुबजाँक्तीफ. ती बी-1, म्हणजे मधल्या पातळीला शिकवतात, पण एक वाक्य पहिल्या महिन्यातच घोकून टाका: 'ईल फो क जी आय', मला निघायला हवं. कुणाच्याही घरून उठताना उपयोगी. रूपं: क जाय, क त्यू आय, कीलाय, क नूझाल्यों, क व्हूझाल्ये, कील झाय. 'जाय' ऐकून ज्ञानेश्वरीतलं 'जाय' आठवेल, पण साम्य योगायोगाचं आहे. तो 'ज' सर्वनामाचा आहे.

आज्ञार्थ तीनच: व्हा, आलों, आले. फ्रान्सच्या राष्ट्रगीताचा पहिला शब्द यातलाच, 'आलों', आणि फुटबॉल पाहताना प्रेक्षकांतून ऐकू येणारं 'आले!' तेही हेच. 'व्हा'ला लिहिताना एस नाही, पण पुढे 'ई' (तिथे) आला की एस परत येतो आणि उच्चार 'व्हाझी' होतो. दोन स्वर आपटू नयेत म्हणून.

कुठे जाणार ते सांगावंच लागतं

नुसतं 'ज व्हे' म्हणून फ्रेंच माणूस थांबत नाही. ठिकाण सांगायचं नसेल तर 'तिथे' या अर्थाचा 'ई' घालतो: 'जी व्हे'. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. फ्रेंच माणूस खुशाल 'बों, जी व्हे' म्हणतो आणि त्यात अशुभ काही नसतं. उलट कुणी हाक मारली की आपण 'आलोच!' म्हणतो, तिथे 'आले' किंवा 'व्हनीर' कामाचं नाही, 'जारीव्ह' म्हणायचं.

शहराला 'आ': आ पारी, आ मुम्बाय. व्यक्तीला 'शे', आणि हा आपल्या 'कडे'चा तंतोतंत जोडीदार: शे ल मेदसें, डॉक्टरकडे. देशांचं थोडं किचकट. नाव लिहिताना ई-ने संपत असेल तर देश बहुधा स्त्रीलिंगी, मग 'आं': आं फ्रांस, आं-नेंद म्हणजे भारतात. पुल्लिंगी असून व्यंजनाने सुरू होत असेल तर 'ओ': ओ जापों. मेक्सिको (फ्रेंचमध्ये 'मेक्सीक') ई-ने संपूनही पुल्लिंगी, असे मोजके अपवाद लक्षात ठेवा. अनेकवचनीही 'ओ', पण पुढे सांधा: ओ झेताझ्युनी, अमेरिकेला. वाहनात बसून जात असाल तर 'आं': आं त्रें. पायी किंवा सायकलवर 'आ': आ प्ये, आ व्हेलो.

तिकीटखिडकीवर हेच क्रियापद नाम होतं. 'अं नाले सेंप्ल' म्हणजे एकेरी तिकीट, 'अं नाले-रतूर' म्हणजे जाऊन-येऊन. 'सा व्हा?' तर सगळ्यांना माहीतच आहे, आदरार्थी 'कॉमां-ताले-व्हू?' कपड्यांच्या दुकानात 'सा त व्हा ब्यें' ऐकलंत तर कुणी कुठे निघालेलं नाही, ते तुम्हाला शोभून दिसतंय.

कादंबऱ्या वाचायला लागलात की 'ईलाला' (तो गेला) आणि 'ईलझालेर' (ते गेले) भेटतील. हा लेखी भूतकाळ. ओळखता आला की पुरे, रूपं पाठ करण्यात वेळ घालवू नका.

करून बघा

खालची वाक्यं आधी स्वतः फ्रेंचमध्ये म्हणा, मग उत्तर वाचा.

उद्या आपण डॉक्टरकडे जाणार आहोत. उत्तर: 'दमें, ओं व्हा आले शे ल मेदसें.' एकाच वाक्यात क्रियापद दोनदा, आधी सहायक, मग मुख्य.

ती काल बाजारात गेली. उत्तर: 'इयेर, एले ताले ओ मार्शे.' लिहिताना जादा ई विसरू नका.

लहानपणी मी दर उन्हाळ्यात आजीकडे जायचो. उत्तर: 'कां जेते प्ती, जाले शे मा ग्रांमेर तू ले झेते.'

वेळ असता तर मी तिथे गेलो असतो. उत्तर: 'सी जाव्हे यू ल तां, जी स्रे आले.' 'स्रे' हा 'एत्र्'चा संकेतार्थ, आणि 'जी'मध्ये 'तिथे'चा 'ई' आहे. पण 'मी तिथे जाईन' म्हणताना तो गळतो आणि नुसतं 'जीरे' उरतं, कारण 'ई'पुढे पुन्हा 'ईरे' आलं तर तोंडात दोन ई एकमेकांवर चढतात.